केरनचा तुकडा

१९९९ चा जुलै. पुण्यातल्या एका एमआरआय सेंटरमध्ये मी टेक्निशियन होतो. टायगर हिल घेतल्याला तीन-चार दिवस झाले असतील. बाहेर बसायच्या जागेतला टीव्ही सकाळपासून कारगिलवरच असायचा, आणि नंबर पुकारला तरी माणसं लवकर उठायची नाहीत.

सातारा जिल्ह्यातून एक आजोबा आले होते, सोबत कॉलेजात जाणारा नातू. वय ऐंशी, पाठ ताठ. चालायला लागले की दहा-वीस पावलांत पाय बधिर व्हायचे. सर्जननी कमरेचा एमआरआय सांगितला होता.

मशिनच्या खोलीत कुणालाही न्यायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो. पेसमेकर आहे का? नाही. मेंदूच्या ऑपरेशनची क्लिप? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय? नाही. शरीरात बंदुकीची गोळी किंवा छर्रे?

"गोळी न्हाई लागली कधी," आजोबा म्हणाले. मी 'नाही'वर खूण केली. तो दिवसातला नववा पेशंट होता आणि मी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

एमआरआयचं मशिन म्हणजे एक प्रचंड चुंबक. आमचा दीड टेस्लाचा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. तो कधी बंद नसतो, स्कॅन चालू असो वा नसो. खिशातली किल्ली हातातून हिसकावून नेतो. शरीरात लोखंडाचा तुकडा असेल तर तो जागचा हलू शकतो, वळू शकतो. मांडीच्या मांसात असला तर एक वेळ निभावतं. मज्जारज्जूला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला लागून असला तर माणूस टेबलावरच अपंग होऊ शकतो, जाऊही शकतो.

गाऊनच्या नाड्या पाठीमागे असतात. त्या बांधताना आमचे वॉर्डबॉय मामा म्हणाले, "साहेब, बाबांच्या पाठीला केवढा खड्डा आहे!" चुंबकाच्या खोलीचं दार मी अर्धं उघडलेलं होतं. ते तसंच सोडून मागे आलो. मणक्याच्या डावीकडे, बरगड्यांच्या खाली, आत ओढलेली, सुरकुतलेली जुनी खूण होती. अंगठा मावेल एवढी.

"आजोबा, हे काय?"

"ते व्हय? ते केरनचं."

मला वाटलं, केरन नावाच्या कुणा डॉक्टरने ऑपरेशन केलं असेल.

"डागदर न्हवं. डोंगर हाय तो. हबशांच्या मुलखात."

मी दार लावून घेतलं आणि त्यांना साध्या एक्स-रेला पाठवलं. फिल्म ओली असतानाच दिव्यासमोर धरली. कमरेच्या वरच्या मणक्याला खेटून नखाएवढा पांढराशुभ्र तुकडा, कडा दातेरी. बाजूला दोन बारीक ठिपके. रेडिओलॉजिस्ट मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याला आत नेलं असतंस?" मी हो म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

मी बाहेर येऊन आजोबांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, आधी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तुमी गोळीचं इचारलं. ह्यो बाँबचा तुकडा. गोळी आन बाँब एक न्हाई." छर्रा हा शब्द त्यांच्या लेखी रानडुकराच्या शिकारीतला. त्यांचं उत्तर अगदी खरं होतं. प्रश्न माझा अपुरा पडला होता.

मग ते बोलत गेले. समोरच्या टीव्हीवर आपले जवान खालून कडा चढत होते आणि शत्रू माथ्यावर. "असंच हुतं," ते म्हणाले. "आमी खाली, इटालियन वर. अजिंक्यतारा परवडला असा चढ. पाणी खालनं वर न्ह्यायचं, सावली न्हाई, नुसतं काटं."

ते पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या घाटात इटलीच्या फौजेने एकुलता रस्ता अडवून धरला होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झालेली ती लढाई २७ मार्चला संपली. टेकड्यांना इंग्रज साहेबांनी नावं दिली होती, पिंपल, पिनॅकल. आजोबा ती नावं आपल्या शेताच्या बांधाचं नाव घ्यावं तशी घेत होते. १५ मार्चच्या संध्याकाळी त्यांच्या पलटणीने पिनॅकल घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे यॉर्कशायरच्या गोऱ्या पलटणीने वरचा डोलोगोरोडॉकचा किल्ला घेतला. केरनच्या चढावरच मराठ्यांनी शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची आरोळी ठोकली. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नव्हते, उलट कुजबुजत होते.

तुकडा त्याच रात्रीचा. डॉक्टरांनी थोडं लोखंड काढलं आणि बाकीचं खोल आहे म्हणून राहू दिलं. "अट्ठावन वर्सं झाली. ते आता माझंच झालं."

मी फॉर्म पुन्हा काढला. आणखी कुठं लागलंय का, असं या वेळी त्यांच्या शब्दांत विचारलं. त्यांनी उजव्या मांडीवर हात ठेवला. "हितं इटलीचं."

नातू चपापून बघत होता. घरात एवढंच माहीत होतं की आजोबा 'लढाईवर' होते. ती लढाई दोन खंडांत झाली, हे त्यालाही तेव्हाच कळत होतं.

मधली वर्षं आजोबांनी "नुसतं फिरवलं" एवढ्यावर उरकली. १९४४ मध्ये त्यांची पलटण इटलीत उतरली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी गाठ होती. तिथेच १० जुलैला त्याच पलटणीतल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशिनगनवर धावून गेले, आणि टॉमीगनची नवी मॅगझिन भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय बावीस, गाव माणगावकडचं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.

"माझी कंपनी निराळी हुती," आजोबा म्हणाले. "मला त्याच म्हैन्यात लागलं. त्याचं तर काय घावलंच न्हाई."

हे खरं असल्याचं मला नंतर वाचताना कळलं. घाडगेंची कबर नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. त्या युद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांपर्यंत गेली होती, आणि मी शाळेत शिकलेल्या दुसऱ्या महायुद्धात हिटलर होता, हिरोशिमा होतं, सातारा नव्हता. याचा मला आजही राग येतो.

एमआरआय रद्द झाला. पाठीत सुई घालून औषध सोडलं आणि सीटी स्कॅन काढला. नस कुठं दाबली जाते ते त्यात दिसलं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. सर्जननी नस मोकळी केली आणि तुकड्याला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी निघताना आजोबांनी एक्स-रेचं पाकीट नातवाकडे दिलं नाही, स्वतःच्या काखेत धरलं. मी फॉर्मच्या तळाशी पेनने एक ओळ वाढवली आणि झेरॉक्सवाल्याकडून शंभर प्रती काढून आणल्या. 'फौजेत होतात का? कुठं कुठं होतात?'