हेड ओव्हर हील्स: दोन मुकुट मिळाले, तीन बाकी

हेड ओव्हर हील्स या जुन्या व्हिडिओ गेममध्ये हेड आणि हील्स ही दोन पात्रं चालवून पाच मुकुट गोळा करायचे असतात. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा दोघं अजून आपापल्या कोठडीच्या आसपासच घुटमळत होते. आता दोघांची गाठ पडली आहे, मूनबेसवरून (चंद्रावरच्या तळावरून) ग्रहांकडे क्षणात नेणारे टेलिपोर्ट सापडलेत आणि सफारी व इजिप्टस या ग्रहांचे मुकुट मिळालेत. नियम तोच: ४८के स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाची १९८७ची आवृत्ती, एमुलेटरवर (आजच्या संगणकावर त्या जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), पण एमुलेटरचं सेव्ह वापरायचं नाही. खेळातला मासा खाल्ला तरच मेल्यावर तिथून पुन्हा सुरुवात. तोही वळवळणारा हवा. निपचित पडलेला मासा खाल्ला की जीव गेलाच.

या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो उंची ओळखण्यात. खेळात सावल्या नाहीत. त्यामुळे एखादा ठोकळा मागे जमिनीवर आहे की पुढे हवेत लटकतोय, हे नुसतं बघून सांगताच येत नाही. मी आता आधी हील्सला तिथून चालवून बघतो. अडला तर ठोकळा जमिनीवर, सरळ पुढे गेला तर तो हवेत. हे वहीत खोलीच्या चौकटीत लिहून ठेवतो, दाराच्या उंचीसकट. सुमारे तीनशे खोल्या आहेत, लिहिल्याशिवाय लक्षात राहणं अशक्य.

हील्सकडच्या पिशवीची युक्ती मात्र आता हातात बसली. हील्सची उडी आखूड. पण वस्तूवर उभं राहून ती पिशवीत घेता येते आणि पुन्हा सोडली की ती त्याच्या पायाखाली येते, म्हणजे तो तेवढाच वर चढतो. सफारीत तीन वेळा हेच केलं, तिसऱ्यांदा बोटांना विचार करावाच लागला नाही.

झोपलेल्या कुत्र्यांच्या खोल्या मला सगळ्यांत आवडल्या. त्यांच्यावर पाय ठेवून हील्स वर जातो, पण हेड खोलीत आला की कुत्री गायब! उंच उडी मारणारा, हवेत तरंगत उतरणारा गडी तोच, आणि नेमकं त्यालाच बाहेर ठेवावं लागतं. दोघांची ताकद अशी वाटून द्यायची आणि मग तीच कोड्यात अडकवायची, हे खेळाचा प्रोग्रामर जॉन रिटमनने फार विचारपूर्वक केलंय. १९८४च्या नाइट लोर या खेळाने या तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्यांचा पाया घातला, रिटमन आणि चित्रकार बर्नी ड्रमंड यांनी १९८६मध्ये त्याच धर्तीचा बॅटमॅन हा खेळ केला. पण दोन पात्रांमुळे प्रत्येक खोलीचा दोनदा विचार करावा लागतो, ते इथेच.

चित्रांबद्दलही एक. स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग बसतात, म्हणून खोलीतली चित्रं एकाच रंगात. ड्रमंडची रेघ इतकी पक्की आहे की रंग कमी पडलाय असं मला एकदाही वाटलं नाही.

आता पेनिटेन्शरी हा पुढचा ग्रह. पहिल्या चार खोल्या वहीत उतरल्यात, पाचवीत हेडचे शत्रूंवर फेकायचे डोनट संपले. उद्या डोनटचा ट्रे गाठून पुन्हा तिथूनच.