दहावर अडलेली क्यू

मोजमापाच्या यंत्रांकडून येणाऱ्या नोंदी एक प्रोग्राम गोळा करतो, दुसरा त्या डेटाबेसमध्ये लिहितो आणि दोघांच्या मध्ये लिनक्सची पॉझिक्स मेसेज क्यू, म्हणजे एका प्रोग्रामने मेसेज टाकायचे आणि दुसऱ्याने क्रमाने उचलायचे अशी रांग. सगळं सी भाषेत, जुनं आणि भरवशाचं. नव्या आवृत्तीत महत्त्वाचा बदल एकच होता: क्यूत मावणारे मेसेज 10 वरून 200. डेटाबेस जरा मंदावला की गोळा करणारा प्रोग्राम अडून बसायचा, म्हणून. चाचणीच्या मशीनवर काम चोख झालं. खऱ्या मशीनवर चढवलं आणि गर्दीच्या वेळी तो अडलाच, अगदी पूर्वीसारखा.

प्रोग्राम कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) काय मागतो ते दाखवणारं एसट्रेस लावून पाहिलं तर प्रोग्राम 'एमक्यू_टाइमडसेंड'मध्ये थांबलेला. (कोडमध्ये आपण 'एमक्यू_सेंड' लिहितो, पण ग्लिबसी, म्हणजे सी भाषेची लायब्ररी, आतून कर्नलला हाच सिस्टिम कॉल करते. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.) म्हणजे क्यू भरली होती, आणि 'थांबू नकोस' सांगणारं 'ओ_नॉनब्लॉक' दिलेलं नसल्यामुळे जागा होईपर्यंत थांबणं आलंच. पण 200 मेसेज इतक्यात भरले?

पहिला संशय कर्नलच्या मर्यादेवर गेला. साध्या युजरला एका क्यूत मुळात 10 च मेसेज ठेवता येतात. पण ती मर्यादा आम्ही आधीच वाढवली होती, आणि ती आड आली असती तर क्यू उघडणाऱ्या 'एमक्यू_ओपन'ने सरळ चूक परत केली असती. इथे तर क्यू निमूटपणे उघडली होती.

"मशीन रीस्टार्ट करून टाका, सुटेल," टीममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. सुटलंही असतं, आणि कारण कधीच कळलं नसतं.

या क्यू '/डेव्ह/एमक्यू'खाली (/dev/mqueue) फायलींसारख्या दिसतात. आमची फाइल कॅट केली, म्हणजे तिच्यातला मजकूर पाहिला. आतल्या मेसेजचे एकूण बाइट: 5120. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तरी 5120. आमचा प्रत्येक मेसेज 512 बाइटचा. भागाकार केला आणि उत्तर समोरच होतं: 10. म्हणजे ही क्यू नव्या आवृत्तीच्या आधीची, जुनीच होती.

उघडताना 'ओ_क्रिएट' दिलं की त्या नावाची क्यू नसेल तर क्यू तयार होते आणि असेल तर आहे ती उघडते. उघडताना आपण दिलेले आकार, परवानग्या सगळं दुर्लक्षित होतं. चूक नाही, इशारा नाही. शिवाय क्यू कर्नलमध्ये राहते. प्रोग्राम मेला तरी ती जात नाही. 'एमक्यू_अनलिंक'ने तिचं नाव पुसलं किंवा मशीन बंद पडलं तरच जाते. चाचणीचं मशीन रोज रात्री रीस्टार्ट व्हायचं, म्हणून तिथे दरवेळी नवी कोरी 200 ची क्यू मिळत होती. दोन वेगळी कामं एकाच कॉलमध्ये कोंबायची आणि त्यातलं नेमकं कोणतं झालं ते सांगायचं नाही, ही रचना मला आजही पटत नाही.

मग जुनं नाव पुसलं, नोंदी गोळा करून पाठवणारा प्रोग्राम रीस्टार्ट केला आणि भलतंच झालं. क्यू भरत चालली, डेटाबेसमध्ये मात्र एकही नवी नोंद नाही. क्यू वाचून डेटाबेसमध्ये लिहिणारा प्रोग्राम अजून जुन्याच क्यूला धरून बसला होता! नाव पुसलं तरी शेवटचा डिस्क्रिप्टर (प्रोग्रामने उघडून धरलेला दुवा) बंद होईपर्यंत क्यू जिवंत राहते. त्याच नावाची नवी क्यू शेजारी उभी राहिली, तरी वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

वाचणाराही रीस्टार्ट केला, तर तो 'परवानगी नाही' म्हणून पडला. दोन्ही प्रोग्राम वेगळ्या युजरखाली चालतात, ग्रुप एकच. कोडमध्ये परवानगी 0660 (मालक आणि ग्रुप दोघांना वाचता-लिहिता येईल अशी) मागितलेली, पण नव्या फायलींच्या परवानग्या छाटणारा सर्व्हिसचा यूमास्क 077, त्यामुळे हाती आली 0600, म्हणजे फक्त मालकाला. जुन्या क्यूवर नीट 0660 होतं. कोणीतरी केव्हातरी ते हाताने बदलून ठेवलं असावं. त्याची नोंद कुठेच नाही. तूर्त आम्हीही चमोड (परवानग्या बदलणारी कमांड) मारलं आणि नोंदी वाहू लागल्या. अडून राहिलेले मेसेज नव्या क्यूत शाबूत होते, एकही गेला नाही.

कोड मात्र बदलला. क्यू तयार करण्याचा हक्क आता फक्त पाठवणाऱ्याला. तो आधी 'ओ_क्रिएट'च्या जोडीला 'ओ_एक्सक्ल' देतो, म्हणजे क्यू आधीपासून असेल तर कॉल स्पष्ट नकार देतो. नकार आला की साधी उघडायची, 'एमक्यू_गेटअ‍ॅटर'ने आकार तपासायचे आणि जुळले नाहीत तर लॉगमध्ये दोन्ही आकडे लिहून थांबायचं. तयार करण्याआधी यूमास्क बदलून नंतर पूर्ववत करतो. वाचणाऱ्याकडे 'ओ_क्रिएट' नाहीच. क्यू दिसेपर्यंत तो थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करत राहतो.

आपोआप पुसून नवी का करत नाही, असं कोडच्या रिव्ह्यूमध्ये विचारलं गेलं. जुन्या क्यूत न वाचलेले मेसेज असू शकतात, आणि ते फेकायचे की नाही हे प्रोग्रामने परस्पर ठरवू नये, असं माझं म्हणणं. यावर बराच वाद झाला. शेवटी पुसण्यासाठी वेगळी कमांड ठेवली. क्यूत मेसेज शिल्लक असतील तर ती पुसत नाही, फक्त किती उरलेत ते सांगते.