इफेक्ट तेच ठेवा, क्रम बदला

व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) अडखळायला लागली की आधी नव्या ग्राफिक्स कार्डाचा विचार येतो. पण त्याआधी क्लिपवर कोणता इफेक्ट कुठल्या जागी बसलाय, ते बघा. पुष्कळदा दुखणं तिथेच असतं.

४के फ्रेममध्ये ३८४०×२१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. ३२-बिट फ्लोटमध्ये (रंगांच्या जास्त अचूक गणनेत) प्रत्येक पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे एक फ्रेम झाली साधारण १३३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एकेका इफेक्टला ३.३ जीबी वाचायचे आणि तेवढेच परत लिहायचे. हे सगळं कार्डाच्या मेमरीतच चाललं तर निभतं. पण कार्डावर चालणाऱ्या दोन इफेक्टच्या मधोमध फक्त सीपीयूवर चालणारा एखादा बसला, की प्रत्येक फ्रेमला कार्डातून रॅममध्ये आणि रॅममधून पुन्हा कार्डात हेलपाटा पडतो. अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या इफेक्ट्स पॅनेलमध्ये वर अ‍ॅक्सिलरेटेड इफेक्टचं बटण आहे. ते दाबलं की कार्डावर चालणारे तेवढेच यादीत उरतात. सीपीयूवाला टाळता येत नसेल तर त्याला साखळीच्या टोकाला न्या. मात्र चित्र तपासा, कारण ब्लरनंतरचं शार्पन आणि शार्पननंतरचा ब्लर एकसारखे दिसत नाहीत.

स्थिर फोटोंचा घोळ वेगळाच. प्रीमियर आधी इफेक्ट लावतं आणि मग मोशनमधलं स्केल. त्यामुळे ६०००×४००० चा फोटो १०८०पीच्या टाइमलाइनवर लहान करून त्याला ब्लर दिला, तरी ब्लर २ कोटी ४० लाख पिक्सेलवर चालतो. पडद्यावर दिसतात जेमतेम २१ लाख. झूम करायचा नसेल तर फोटो आधीच लहान करून आणा, किंवा ‘स्केल टू फ्रेम साइझ’ वापरा. ‘सेट टू फ्रेम साइझ’ने हा भार कमी होत नाही, मूळ पिक्सेल तसेच राहतात.

सगळ्यात खादाड म्हणजे टेम्पोरल नॉइज रिडक्शन, म्हणजे शेजारच्या फ्रेम ताडून चित्रातले दाणे कमी करणारा इफेक्ट. त्याला मागच्या-पुढच्या फ्रेमही लागतात, आणि कॅमेऱ्यातून आलेल्या एच.२६४ (दाबून लहान केलेल्या) फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. शेजारच्या फ्रेमवरून त्या उलगडाव्या लागतात. असं फुटेज आधी प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) बदलून घ्या. फाइल कितीतरी पटींनी फुगते, पण उलगडण्याचं ओझं हलकं होतं.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन पहिल्या नोडवर (इफेक्टच्या साखळीतल्या पहिल्या कडीवर) एकटं ठेवा. रेंडर कॅशे (तयार फ्रेम साठवून ठेवायची सोय) ‘यूझर’वर ठेवून त्या नोडवर राइट क्लिक करा आणि नोड कॅशे ‘ऑन’ करा. मग पुढच्या नोडवर रंग कितीही बदलले तरी कॅशे टिकतो. त्याच्या आधीच्या नोडला हात लागला की मात्र सगळं पहिल्यापासून रेंडर होतं. म्हणून नॉइज रिडक्शन शेवटच्या नोडवर टाकायची सवय फार महागात पडते.

प्रीमियरमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी ‘यूज प्रिव्ह्यूज’ने, म्हणजे आधी रेंडर केलेल्या प्रिव्ह्यू फाइलच वापरल्याने, वेळ वाचतो, पण प्रिव्ह्यूचा कोडेक हलक्या दर्जाचा असेल तर तोच हलकेपणा अंतिम फाइलमध्ये उतरतो. काम सुरू करतानाच सीक्वेन्स सेटिंग्जमध्ये प्रिव्ह्यू प्रोरेस ४२२ वर ठेवा. मध्येच बदललात तर आधी रेंडर केलेले सगळे प्रिव्ह्यू पुसले जातात.