पंप नाही, वायर!

आज गेवराईजवळ विहिरीच्या कामावर पोकलेन अडून बसली. इंजिन चालू, पण ना बूम (पुढचा मोठा हात) हले ना बकेट. मालक म्हणे, "मशीनचा हायड्रॉलिक पंप गेला, खोला." म्हटलं, दादा, दम धरा. सगळ्याच हालचाली एकदम बंद म्हणजे आधी सेफ्टी लिव्हरचा (सगळ्या हालचाली लॉक करणाऱ्या दांड्याचा) सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा तेलाचा व्हॉल्व्ह, बघायचा. त्याला करंट नसला तर जॉयस्टिकला पायलट प्रेशरच, म्हणजे हालचालींना हुकूम देणारा तेलाचा दाबच, जात नाही. सॉकेट काढून मीटर लावला, तर 24 व्होल्ट, म्हणजे पूर्ण! मीही चक्रावलो. मग सॉकेट जोडून मागून मीटरची सुई टोचली, तर फक्त 7. लोड आला, म्हणजे सोलेनॉइडने करंट ओढला, की व्होल्टेज बसायचं. सीटखाली वायर घासून एकच तार उरलेली, बाकी हिरवी भुकटी. जोड मारला, बूम उचलला. मजुरी ऐकून मालक म्हणाला, "वायरच तर जोडली की!"