दोन तासांची ट्यूब

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यावर मी चार वर्षं कॉलेज रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. तिथे सँपल खराब झालं की पेशंटला फोन करायचा, सॉरी म्हणायचं, उद्या परत या सांगायचं, विषय संपला. आता ट्रायलची, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघतात त्या चाचणीची, सँपल बघते आणि इथे ती सोयच नाही. हे मला नीट कळलं ते एका काकांमुळे.

आधी काम सांगते. पीकेच्या दिवशी, म्हणजे औषध रक्तात किती चढतं आणि किती वेळात उतरतं हे बघायचं असतं त्या दिवशी, डोसच्या आधी एकदा रक्त घेतात, मग अर्ध्या तासाने, एक तासाने, मग दोन, चार, आठ. सिस्टर रक्त काढते, मिनिटासकट वेळ लिहिते आणि ट्यूब माझ्या हातात देते. जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए ट्यूब, आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, जोरात अजिबात हलवायची नाही, मग बर्फात, मग या स्टडीच्या मॅन्युअलप्रमाणे ३० मिनिटांच्या आत ४ डिग्रीला सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, येतो तो दोन क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या छोट्या कुप्यांमध्ये, काढायचा, एक प्रायमरी एक बॅकअप, आणि लगेच उणे ७० च्या फ्रीझरमध्ये. दोन्ही एकाच बॉक्समधून पाठवत नाहीत, एक वाटेत वितळली तर दुसरी तरी हवी. लेबलवर नाव नसतं, नुसता नंबर.

काका सुरगाण्याकडचे. आदल्या दिवशी एसटीने येऊन पंचवटीत पुतण्याकडे राहिले आणि सकाळी साडेसातला उपाशीपोटी हजर. त्या दिवशी दोन पेशंट होते, वेळा एकमेकांवर आल्या आणि काकांची दोन तासांची ट्यूब मी घाईत जोरात हलवली. सेंट्रिफ्यूजमधून काढली तर प्लाझ्मा गुलाबी. लाल पेशी फुटल्या होत्या. पोटात गोळाच आला माझ्या. बाजूची म्हणाली, अगं एवढंसं तर आहे, नको लिहूस. पण पेशींमधलं सगळं प्लाझ्म्यात उतरलं की औषधाचा आकडा चुकू शकतो, आणि त्या आकड्यावर पुढे कोणाचा तरी डोस ठरणार. मी फॉर्मवर हिमोलाइज्ड लिहिलं, सही केली, तारीख-वेळ टाकली आणि कोऑर्डिनेटर मॅडमना जाऊन सांगितलं.

चार तासांची ट्यूब घ्यायला गेले तेव्हा काकांनी आपणहून विचारलं, "मघाचं रक्त आलं ना गं पोरी कामाला?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, नाही काका, माझ्या हातून बिघडलं ते. तर त्यांनी बाही अजून वर सरकवली आणि म्हणाले, "मग घे की अजून, त्यात काय." मी तशीच उभी राहिले. ते रक्त द्यायला तयार होते हो, पण दोन तास केव्हाच उलटून गेले होते, आता मिळणार ते चार तासांचंच.

नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे माणसांवर प्रयोग करतात ना? मला राग येतो. १५ जून २००९ पासून ट्रायल सुरू होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, पेशंटला कळेल अशा भाषेत संमती घेतात, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे. काका तिथे सगळं ऐकून, विचारून आलेले आहेत. त्यांना गिनीपिग म्हणू नका.

ती गुलाबी व्हायलही पुढे मुंबईला गेली, कारण वापरायची की नाही हे ठरवणं माझं काम नाही. सोमवार-मंगळवारीच बॉक्स काढतो, शुक्रवारी नाही, मध्ये सुट्टी आली तर ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, संपायचा. व्हायली गळणार नाही अशा पिशवीत, सोबत शोषून घेणारा कागद, भोवती ड्राय आइस, टेंपरेचर लॉगर आणि बाहेर यूएन ३३७३ चं, म्हणजे आत जैविक सँपल आहे असं सांगणारं, स्टिकर. बॉक्स हवाबंद मात्र करायचा नाही, गॅस बाहेर पडायला जागा लागते. पावसात कसारा घाट जॅम असला की गाडी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मला घास उतरत नाही.

उद्या काकांची पुढची पीके आहे. दोन पेशंटमध्ये वीस मिनिटांचं अंतर मी मागून घेतलंय. सहाही ट्यूबना लेबलं लावून रॅकमध्ये ठेवली, दोनदा तपासली आणि आत्ताच घरी आले.