पीसीटी (पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, अमेरिकेच्या पश्चिमेकडची लांब पल्ल्याची पायवाट) दिवस ५: सिझर्स क्रॉसिंग ते थर्ड गेटच्या पुढे, २७ किमी

ज्या टप्प्याची पहिल्या दिवसापासून धाकधूक होती तो आज झाला. सिझर्स क्रॉसिंग या रस्त्यांच्या चौकापासून बॅरल स्प्रिंग या झऱ्यापर्यंत साधारण ३८ किमी आणि मधे भरवशाचं नैसर्गिक पाणी नाहीच. अंदाजे २२ किमीवर थर्ड गेटला स्वयंसेवक पाण्याचे कॅन आणून ठेवतात, पण ते असतीलच असं धरून निघायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. म्हणून काल ज्युलियन गावातून येतानाच ६ लिटर भरून आणलं. सहा किलो नुसतं पाणी, सॅक पाठीवर घेताना खाली बसून पट्टे अडकवावे लागले मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

पहाटे ४:१० ला हेडलॅम्प लावून सुरुवात. पीसीटी मुळात घोड्यांनाही झेपेल अशी आखलेली आहे, त्यामुळे छातीवर येणारा चढ कुठेच नाही, पण मग होतं काय तर सॅन फेलिपे टेकड्यांच्या एकेका घळीत वाट आत शिरते, वळसा घालते, परत बाहेर येते, समोरची धार हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथे पोचायला वीस वीस मिनिटं जातात. अंधारात हे जाणवलं नाही. उजाडल्यावर मात्र ज्या रस्त्यावरून निघाले तो अजून खालीच दिसत होता. पण काय सुंदर उजाडलं! ओकोटियो झुडपांच्या लांब काटेरी काठ्या, टोकाला लालभडक फुलं, आणि बॅरल कॅक्टस एकजात दक्षिणेकडे कललेले.

साडेसातच्या सुमारास चोया नावाच्या निवडुंगाचा एक काटेरी गोळा पोटरीला चिकटला. हे नीट लिहिते कारण कोणाला तरी उपयोगी पडेल. हाताने ओढायचं अजिबात नाही, त्याच्या काट्यांना बारीक उलटे खवले असतात, एका हातातून काढला की दुसऱ्या हातात रुततो. कंगवा कातडी आणि गोळ्याच्या मधे हळूच सरकवला आणि अंगापासून लांब जाईल असा एकच झटका दिला. गोळा उडाला पण दोन काटे आतच राहिले, ते चिमट्याने काढले. काटा निघताना कातडी तंबूसारखी वर उचलली जाते ते बघवत नाही. प्लॅस्टिकचा कंगवा ठेवाच, वजन काहीच नाही.

१०:३० ला १७ किमी झाले होते, पाय चांगले चालत होते, आणि तिथेच थांबले. परवा हेच चुकलं होतं. "अजून एक तास" करत करत भर दुपारी दोनपर्यंत चालले, मग डोकं ठणकायला लागलं, मळमळ, आणि संध्याकाळी दोन तासांत दोन लिटर पाणी गेलं तरी बरं वाटेना. इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, जागच्या जागी उडून जातो, फक्त पाठ सॅकखाली ओली आणि बाह्यांवर मिठाचे पांढरे डाग. नुसतं पाणी ढोसून ते मीठ भरून निघत नाही, म्हणून आज एका बाटलीत इलेक्ट्रोलाइट, दुसरीत साधं, आलटून पालटून घोट घेतले.

साडेपाच तास एका मोठ्या खडकाच्या आडोशाला काढले. सावली सरकली की मी सरकले, असं चार वेळा. उरलेल्या फटीला चंदेरी छत्री. कॅरीमॅट पहिल्यांदा अंथरायची हे महत्त्वाचं, कारण सावलीतली जमीनसुद्धा सकाळच्या उन्हाने तापलेली असते. बूट मोजे काढून पाय सॅकवर टाकले, डाव्या टाचेला गरम झालेली जागा होती तिथे फोड यायच्या आधीच टेप लावली. दुपारी १ ला सावलीत ३६ डिग्री.

४ वाजता परत सुरू. पुढच्या वळणावर वाटेतच रॅटलस्नेक, आधी आवाज आला मग दिसला, मागे सरकून थांबले, तो निवांत झुडपात गेला. थर्ड गेटला पोचले तेव्हा माझ्याकडे १.७५ लिटर शिल्लक होतं, म्हणजे सकाळपासून सव्वाचार लिटर, आणि डोकं शांत! कॅन होते. दोनच लिटर घेतलं, मागून येणाऱ्यांची गरज माझ्यापेक्षा जास्त असू शकते. कोण कुठून हे ओझं इथपर्यंत वाहून आणतं, मनापासून आभार त्यांचे.

पुढे साडेचार किमी जाऊन सव्वासातला मुक्काम. स्टोव्ह पेटवला नाही, वारा फार आहे आणि गवत वाळलेलं, दुपारीच डब्यात भिजत घातलेलं कुसकुस गारच खाल्लं. उद्या बॅरल स्प्रिंग ११ किमी, त्याच्या जरा अलीकडे १०० मैलांची खूण. बाटल्यांमधे सव्वातीन लिटर आहे. गजर पावणेचारचा.