तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीतल्या पक्ष्यांसाठी कॅमेरा कुठला घ्यावा?

‘गॅलरीत येणारे पक्षी घरात बसून बघायचेत, कॅमेरा कुठला घेऊ?’ पुण्यात हल्ली हे बरेच जण विचारतात. माझं म्हणणं असं, की आधी पक्षी कुठे बसणार ते ठरवा. कठड्याजवळ मातीची पसरट थाळी ठेवा, तिच्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घाला. पाणी रोज बदला, नाहीतर आठवड्याभरात त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. बुलबुल, दयाळ, शिंजीर यायला लागले की मग खरेदीला निघा.

साध्या बुलेट कॅमेऱ्याला, म्हणजे लांबट नळीसारख्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला, बहुधा २.८ मिमीची लेन्स असते. ती दारावर, पार्किंगवर नजर ठेवण्यासाठी. तीन मीटरवर तिच्यात सुमारे साडेपाच मीटर रुंदीचं दृश्य मावतं. फुल एचडी चित्राच्या रुंदीतले १९२० पिक्सेल तेवढ्यात वाटले की दहा सेंटिमीटरच्या शिंजिराच्या वाट्याला जेमतेम ३५ येतात, म्हणजे नुसता ठिपका. ६ मिमीची लेन्स एक मीटरवर लावली तर त्याच शिंजिराला दोनशेच्या वर मिळतात. मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजण्याआधी हा हिशेब करा.

एक मीटरवर मात्र चित्र धूसर येईल, कारण फोकस कारखान्यातच लांबचा लावलेला असतो. पुढची काच उघडली की आत आट्यांची लेन्स दिसते. ती किंचित सैल केली, अगदी पाव फेऱ्याहूनही कमी, की जवळचा फोकस जमतो. यात वॉरंटी जाते, आणि रबरी सील नीट परत बसवलं नाही तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

पावसाळ्यात बहुतेक कॅमेरे मरतात ते वायरच्या जॉइंटपाशी. आयपी६७ हे पाणीरोधक मानांकन कॅमेऱ्याच्या डबीचं असतं, मागे लोंबणाऱ्या कनेक्टरचं नाही. तिथे पाणी शिरून पिना हिरव्या पडतात आणि चित्र तुटायला लागतं. जॉइंट प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये घ्या, वायर आत जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या. पाणी झोलावरून गळून जातं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे असेल तर उन्हाचा त्रास सगळ्यात कमी.

खिडकीच्या काचेआडून रात्री काही दिसत नाही. कॅमेऱ्यातल्या रात्रीच्या दिव्यांचा इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून उलटतो. बाहेर एक मीटरवर उलटं होतं, सगळं पांढरंफटक दिसतं. दिव्यांवर कागदी मेडिकल टेपचा एक थर द्या.

रेकॉर्डिंग २ एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) सतत चालू ठेवलं तर दिवसाला साधारण २१ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं. हालचालीवर रेकॉर्डिंग लावाल तर क्षेत्र फक्त थाळीपुरतं आखा, नाहीतर कुंडीतली पानं हलली की क्लिप तयार होते. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येऊ देऊ नका.

आणि कॅमेऱ्यासमोर बुलबुलाने घरटं बांधायला घेतलं तर आहे ते तसंच राहू द्या. अंडी किंवा घरट्याला त्रास देणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीत मोडतं. अंडी उबायला जवळजवळ दोन आठवडे लागतात, पिल्लं उडायला साधारण आणखी तेवढेच. तोवर लेन्सवर कोळ्याने जाळं धरलं तरी पुसायला हात घालू नका.